अंगणातली बार्बेक्यू पार्टी: खाण्यापिण्याचं प्रमाण कसं काढायचं

बार्बेक्यूच्या पार्टीत मांस उरतं आणि बर्फ संपतो. पाव शिल्लक राहतात, पाणी कमी पडतं आणि शाकाहारी पाहुण्यांच्या वाट्याला शेवटी नुसतं सॅलड येतं. असं होतं, कारण बहुतेक जण प्रत्येक पदार्थाचं प्रमाण सुटंसुटं ठरवतात: चिकन माणशी पाव किलो, सॉसेज माणशी दोन, कणीस माणशी एक, वर सॅलड आणि पाव. एकेक आकडा वाजवी वाटतो. बेरीज केली की माणशी किलोभर अन्न होतं, आणि तेवढं कोणीच खात नाही.

हिशेब दुसऱ्या टोकाकडून करायला हवा. एका माणसाच्या पोटात एकूण किती जाणार हे आधी ठरवायचं, मग ते पदार्थांत वाटायचं, आणि अगदी शेवटी त्याचं कच्च्या मालाच्या वजनात रूपांतर करायचं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच पार्टी धरली आहे: २८ जण, दुपारचं जेवण, चार तास.

१. डोकी मोजा, मग त्यांचे वाटे करा

पाहुण्यांची यादी चार रकान्यांत लिहा: प्रौढ, किशोरवयीन, ५ ते १२ वर्षांची मुलं, ५ वर्षांखालची मुलं. मग प्रत्येकाचा वाटा धरा.

- प्रौढ: १ वाटा
- किशोरवयीन: सव्वा वाटा
- ५ ते १२ वर्षं: अर्धा वाटा
- ५ वर्षांखाली: पाव वाटा

आपल्या उदाहरणात १८ प्रौढ, २ किशोर, ६ मुलं आणि २ लहानगी आहेत. म्हणजे १८ + २.५ + ३ + ०.५ = २४ वाटे. डोकी २८, पण अन्नाचा हिशेब २४ वाट्यांचा. हे दोन्ही आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा. अन्न वाट्यांवर ठरतं. पेयं, बर्फ, प्लेट आणि ग्लास डोक्यांवर. या दोन आकड्यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळंच घसरतं.

याच यादीत शाकाहारी कोण, डुकराचं मांस किंवा गोमांस न खाणारे कोण, शेंगदाणे, दूध, कोळंबी यांची अ‍ॅलर्जी कोणाला, हेही लिहा. उदाहरणात ६ प्रौढ शाकाहारी आहेत. म्हणजे ६ वाटे शाकाहारी, १८ वाटे मांसाहारी.

तपासणी: "बघतो, जमलं तर येतो" म्हणणाऱ्यांना अर्धं धरा आणि खरेदीच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा. त्यानंतर येणाऱ्या बदलासाठी मांस वाढवू नका. पाव, बटाटे आणि पाणी थोडं जास्त असलं की दोन-तीन जादा माणसं सहज सामावतात.

२. वेळ आणि कालावधी लावून घ्या

ऐन जेवणाच्या वेळेची पार्टी असेल तर पूर्ण वाटा धरा. दुपारी चार ते सहाच्या मधल्या वेळेत लोक चाखायला येतात. तेव्हा वाट्याचे ६० ते ७० टक्के पुरतात, मात्र आमंत्रणात जेवण नाही हे स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. चार तासांच्या पुढे प्रत्येक तासाला अन्न १० टक्क्यांनी वाढवा, आणि ती वाढ फळं, सॅलड, चिप्स यांत करा. पाचव्या तासाला कोणी चिकन मागत नाही.

३. ताटाचं एकूण वजन ठरवा

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी पायरी हीच. पोटभर बार्बेक्यू जेवणात एका वाट्याला साधारण ५०० ग्रॅम शिजलेलं, खाण्याजोगं अन्न लागतं. त्याची विभागणी अशी:

- मुख्य पदार्थ (मांस, मासे किंवा शाकाहारी पर्याय): १८० ग्रॅम
- साइड डिश सगळ्या मिळून: २५० ग्रॅम
- पाव किंवा बन: ७० ग्रॅम

गोड पदार्थ वेगळा, १०० ग्रॅम.

इथला नियम एकच: पदार्थ वाढले तरी वजन वाढवायचं नाही. मांसाचे तीन प्रकार असले तरी तिन्ही मिळून १८० ग्रॅमच. चौथा प्रकार आणावासा वाटला तर आधीच्या तिघांतून काढून त्याला जागा द्या. तीनपेक्षा जास्त प्रकार घेऊच नयेत असं आमचं मत आहे, कारण प्रत्येक प्रकाराची आच वेगळी, वेळ वेगळी, आणि जाळी एकच.

उदाहरणात मांसाहारी १८ वाटे × १८० ग्रॅम = ३,२४० ग्रॅम शिजलेलं मांस. त्यातलं ४० टक्के बोनलेस चिकन (१,३०० ग्रॅम), ३५ टक्के लेगपीस (१,१३० ग्रॅम) आणि २५ टक्के सॉसेज (८१० ग्रॅम).

४. शिजलेल्या वजनावरून कच्चं वजन काढा

वरचे आकडे घेऊन तसंच दुकानात गेलात तर मांस नक्की कमी पडेल. निखाऱ्यावर पाणी आणि चरबी निघून जाते, हाडं प्लेटमध्येच राहतात. कच्च्या वजनापैकी शेवटी खाण्याजोगं साधारण एवढं उरतं:

- बोनलेस चिकन: ७५ टक्के
- हाडासकट चिकनचे तुकडे, लेगपीस: ५० टक्के
- रिब्ज: ४० टक्के
- खिम्याची पॅटी: ७५ टक्के
- सॉसेज: ८५ टक्के
- माशाचे काटे काढलेले तुकडे: ८० टक्के
- अख्खा मासा: ४५ टक्के
- तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेला मांसाचा मोठा तुकडा: ५० ते ५५ टक्के

शिजलेल्या वजनाला या टक्केवारीने भागायचं. गुणायचं नाही, घाईत नेमकी हीच चूक होते. बोनलेस चिकन १,३०० ÷ ०.७५ = सुमारे १,७५० ग्रॅम. लेगपीस १,१३० ÷ ०.५ = सुमारे २,३०० ग्रॅम. सॉसेज ८१० ÷ ०.८५ = ९५० ग्रॅम, म्हणजे किलोभरच घ्या. एकूण कच्चं मांस ५ किलोच्या आसपास.

२८ डोक्यांना सरळ पाव-पाव किलो धरलं असतं तर ७ किलो आलं असतं. शिजलेलं वजनच कच्चं समजून घेतलं असतं तर सव्वातीन किलो. पहिल्या चुकीत दोन किलो मांस वाया, दुसऱ्या चुकीत निम्मे पाहुणे अर्धपोटी.

सावधान: मांसाचं वजन साफ करण्याआधीचं सांगितलं आहे की नंतरचं, हे विचारून घ्या. गोठवलेल्या कोळंबीवर आणि माशांवर बर्फाचा थर असतो; पाकिटावर निव्वळ वजन किती ते पाहा.

५. वजन जमलं, आता नग मोजा

लोक ग्रॅम मोजून घेत नाहीत, तुकडे उचलतात. म्हणून वजनानंतर नगांची पडताळणी हवीच.

लेगपीस कच्चा साधारण ११५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे २,३०० ग्रॅममध्ये २० येतात. मांसाहारी डोकी २२, त्यातली दोन लहानगी. २० नग बरोबर बसतात. बोनलेस चिकनचे ३० ग्रॅमचे तुकडे केले तर ५८ होतात. एका सीखेवर सहा तुकडे लावले तर दहाच सीखा होतील आणि पुढचे दहा जण त्या घेऊन जातील. तीन-तीन तुकड्यांच्या १९ छोट्या सीखा करा. मांस तेवढंच, पण पोहोचतं जवळपास सगळ्यांपर्यंत. सॉसेज ८०-८५ ग्रॅमचे बारा येतील, ते २२ जणांना पुरत नाहीत. एक तर ४५ ग्रॅमचे लहान घ्या किंवा भाजून झाल्यावर तिरके अर्धे करून ठेवा. कच्चे असताना मात्र कापू नका, आतला रस निखाऱ्यांत जातो आणि ज्वाळा उठतात.

तपासणी: प्रत्येक पदार्थाचे नग खाणाऱ्या डोक्यांपेक्षा फार कमी असतील तर तुकडा लहान करा. वजन वाढवू नका.

६. शाकाहारी पदार्थांचा हिशेब वेगळा

इथे सहा शाकाहारी आहेत म्हणून सहा जणांपुरत्या भाज्या आणल्या तर त्या सहा जणांना मिळणार नाहीत. भाजलेलं पनीर, मश्रूम, कणीस सगळेच घेतात. म्हणून शाकाहारी वाट्याला पूर्ण १८० ग्रॅम आणि प्रत्येक मांसाहारी वाट्याला चवीपुरते ४० ग्रॅम धरा: ६ × १८० = १,०८०, आणि १८ × ४० = ७२०. एकूण १,८०० ग्रॅम, सगळं शिजलेलं.

यातलं निम्मं पनीर किंवा टोफू घ्या, कारण नुसत्या भाज्यांनी पोट भरत नाही. पनीर भाजताना फारसं आटत नाही. ९०० ग्रॅमसाठी एक किलो पुरे. भाज्यांचं मात्र देठ, बिया, साल आणि आटलेलं पाणी धरून ६० टक्केच हातात येतं, म्हणून ९०० ग्रॅमसाठी दीड किलो. मश्रूम त्याहून जास्त आटतात. तुकडे मोठेच ठेवा, नाहीतर जाळीतून खाली पडतील.

भाजून झालं की शाकाहारी पाहुण्यांचा वाटा, म्हणजे या १,८०० ग्रॅमपैकी १,०८० ग्रॅम, वेगळ्या झाकणाच्या भांड्यात काढा आणि उरलेलंच सगळ्यांसमोर ठेवा. हे सांगायला संकोच वाटतो म्हणून पुष्कळ यजमान करत नाहीत. ताटं वाढली जाण्याआधी गुपचूप करून टाका.

सावधान: शाकाहारी पदार्थ मांसाआधी, स्वच्छ जाळीवर भाजा. चिमटे, ब्रश आणि ट्रे वेगळे हवेत. जाळी एकच असली आणि कोणाला मांसाचा स्पर्शही चालत नसेल, तर त्यांच्यासाठी तव्यावर वेगळं करा.

७. साइड डिश, पाव, सॉस, गोड

साइड डिश सगळेच खातात, म्हणून इथे पूर्ण २४ वाटे: २४ × २५० = ६ किलो. तीन प्रकार पुरेसे आहेत. पिठूळ किंवा जड पदार्थ (बटाट्याचं सॅलड, पास्ता) ४० टक्के, म्हणजे २.४ किलो, कडधान्य किंवा मक्याचा पदार्थ ३५ टक्के, २.१ किलो, कच्च्या भाज्यांचं सॅलड २५ टक्के, दीड किलो. बटाट्याच्या सॅलडमध्ये पाचवा हिस्सा ड्रेसिंग आणि कांदा असतो, तेव्हा बटाटे १.९ किलो पुरतात. पानांचं सॅलड असेल तर वजनावर जाऊ नका. पानं हलकी आणि फुगीर असतात, वाट्याला ३० ते ४० ग्रॅम भरपूर झाली.

पाव: २४ × ७० = सुमारे १.७ किलो, म्हणजे ५० ग्रॅमचे ३४ लहान बन. मुख्य पदार्थ बर्गर असेल तर हिशेब बदलतो. तिथे पॅटीच्या संख्येइतके बन आणि वर दोन-तीन जादा. पाव कापून एकदम उघडे ठेवू नका, अंगणातल्या वाऱ्यात अर्ध्या तासात कडक होतात. दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी काढा.

सॉस आणि चटण्या सगळ्या मिळून वाट्याला ४० मिलिलिटर, म्हणजे एक लिटर. तीन प्रकार बस. भाजताना लावायचा सॉस आणि टेबलावरचा सॉस वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश ज्यात बुडला ते टेबलावर जाता कामा नये.

गोड: २४ × १०० = २.४ किलो. उन्हात फळ सगळ्यात लवकर संपतं. कलिंगडाचा खाण्याजोगा भाग साधारण ६० टक्के असतो, तेव्हा ४ किलोचं एक कलिंगड गोडाच्या गरजेतलं २.४ किलो एकटंच भागवतं.

८. पेयं डोक्यांवर मोजा

मुलं अर्धं खातात, पण धावपळ करून मोठ्यांइतकंच पितात. म्हणून इथे वाटे विसरा. पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास, पुढच्या प्रत्येक तासाला एक. चार तासांचे पाच ग्लास, प्रत्येकी २५० मिलिलिटर. दोन लहानगी सोडून २६ जण × ५ × २५० मिलिलिटर = ३२.५ लिटर, पाणी धरून.

यातलं निम्मं, १६ लिटर, साधं पाणी असलंच पाहिजे. खारट, तिखट, भाजलेलं खाल्ल्यावर लोक आधी पाणी मागतात. तापमान ३० अंशांच्या वर असेल तर पाणी आणखी २५ ते ३० टक्के वाढवा; सरबत वाढवून उपयोग नाही. उरलेल्या साडेसोळा लिटरमध्ये सरबत, ज्यूस, सॉफ्ट ड्रिंक. तीन चवी पुरतात, त्यातली एक बिनसाखरेची ठेवा.

मद्य ठेवणार असाल तर पिणारे किती ते नेमकं मोजा. १० जण पिणारे, माणशी चार सर्व्हिंग, म्हणजे ४०. त्यातल्या २४ बिअर (३३० मिलिलिटर) आणि १६ ग्लास वाइन. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, म्हणून वाइनच्या ४ बाटल्या. पिणाऱ्यांचं सॉफ्ट ड्रिंक निम्मं करा, पाणी कमी करू नका. गाडी चालवणारे कोण हे यादीतच लिहा आणि त्यांच्यासाठी बिनमद्याचं काहीतरी चांगलं ठेवा, म्हणजे त्यांना आग्रह होणार नाही.

९. बर्फ: सगळ्यात जास्त चुकणारा आकडा

एक लिटर पेय ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण २५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे कागदावर लिटरला ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. पण टब उन्हात असतो, झाकण दर दोन मिनिटांनी उघडतं, बाटली स्वतःही तापलेली असते. म्हणून दुप्पट धरा: लिटरला ६०० ग्रॅम.

उदाहरणात १२ लिटर आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार करून ठेवले, तर टबमध्ये गार करायचं पेय २० लिटर. त्याला १२ किलो बर्फ. शिवाय ग्लासात टाकायला माणशी २५० ग्रॅम, म्हणजे ७ किलो. एकूण १९, तेव्हा २० किलो आणा. पेयं जेवढी आधी फ्रिजमध्ये गार कराल तेवढा बर्फ वाचेल.

टबमध्ये बर्फाबरोबर पाणीही घाला. नुसत्या बर्फात बाटली मोजक्या ठिकाणीच टेकते आणि मधे हवा राहते; बर्फाच्या पाण्यात ती सगळीकडून गार होते, त्यामुळे वेळ पुष्कळ कमी लागतो.

सावधान: ग्लासात टाकायचा बर्फ वेगळ्या, स्वच्छ डब्यात, वेगळ्या चिमट्याने. कच्चं मांस ठेवलेल्या बर्फातून बाटलीसुद्धा काढायची नाही. मांसाची पेटी वेगळी आणि पेयांची वेगळी. पेयांची पेटी सारखी उघडते आणि आतलं मांस गरम होतं.

१०. जाळी आणि कोळसा पुरतील का?

अन्न मोजून आणलं, पण जाळीवर एका वेळी मावलं नाही, तर लोक रिकाम्या प्लेट घेऊन उभे राहतात. ५७ सेंटिमीटरच्या गोल ग्रिलची जाळी साधारण २,३०० चौरस सेंटिमीटरची असते. त्यातला एक तृतीयांश भाग निखाऱ्यांशिवाय मोकळा ठेवावा लागतो, म्हणजे ज्वाळा उठल्या तर पदार्थ तिकडे सरकवता येतो. तेज आचेला उरतात सुमारे १,५०० चौरस सेंटिमीटर. लेगपीस अंतर ठेवून मांडला तर ८० चौरस सेंटिमीटर घेतो. तेव्हा २० लेगपीस एका फेरीत जेमतेम बसतात, आणि तेही थोडे मोकळ्या बाजूला सरकवून.

उदाहरणातल्या फेऱ्या: पनीर-भाज्या दोन फेऱ्यांत २५ मिनिटं, लेगपीस झाकण लावून ४० मिनिटं, सॉसेज १२, सीखा १५. मिळून दीड तास. तुमच्याकडे याहून लहान ग्रिल असेल तर लेगपीस काढा आणि तेवढं बोनलेस घ्या. वेळ निम्म्यावर येईल.

कोळसा: जाळीवर जाणारं कच्चं अन्न जितके किलो, तितके किलो कोळसा. इथे मांस ५, पनीर १, भाज्या १.५, म्हणजे साडेसात किलो. वर दोन-अडीच किलो राखीव धरून १० किलो. दुसऱ्या बाजूने ताळा करा: एका पेटवणीला अडीच किलो लागतो, कामाची आच पाऊण ते एक तास टिकते, अशा तीन पेटवण्या. उत्तर तेच येतं. गॅसच्या ग्रिलवर १० किलोवॅटचे बर्नर पूर्ण उघडे असतील तर तासाला साधारण पाऊण किलो गॅस जातो. सिलिंडर हलवून अंदाज घेऊ नका, वजन करा.

११. खरेदी आणि तयारीचा क्रम

तीन दिवस आधी: कोळसा, सॉस, प्लेट, ग्लास, नॅपकिन. डोक्याला दीड प्लेट, दोन ग्लास आणि चार नॅपकिन. मार्कर ठेवा, ग्लासावर नाव लिहिलं की नवा ग्लास घ्यायची वेळ कमी येते.

दोन दिवस आधी: गोठवलेलं मांस फ्रिजमध्ये उतरवा. दोन-अडीच किलोच्या एका गठ्ठ्याला सुटायला २४ तास लागतात. किलो-किलोच्या चपट्या पिशव्या केल्या तर लवकर सुटतात. ओट्यावर ठेवून सोडवू नका; बाहेरचा थर गरम होऊन त्यात जंतू वाढतात तेव्हा आतला गोळा अजून बर्फच असतो.

आदल्या दिवशी: मांस मुरवा. एक किलो मांसाला मीठ १० ते १२ ग्रॅम, त्यात सोया सॉससारख्या खारट गोष्टींतलं मीठही धरलेलं. मॅरिनेड किलोला १५० ते २०० मिलिलिटर. त्याहून जास्त पातेल्याच्या तळाशी राहतं. लिंबू किंवा व्हिनेगर जास्त असेल तर चिकनला दोन ते सहा तास आणि माशाला अर्धा तास पुरे, रात्रभर ठेवलं तर वरचा भाग भुसभुशीत होतो. अशा वेळी मीठ-मसाला रात्री लावा, आंबट सकाळी. बटाटे उकडा, सॅलडचं ड्रेसिंग करा पण ओतू नका, पेयं फ्रिजमध्ये भरा.

त्या दिवशी सकाळी: बर्फ, पाव, पानांच्या भाज्या. बर्फ आदल्या दिवशी आणण्यात अर्थ नाही. लाकडी सीखा अर्धा तास पाण्यात भिजवा.

१२. भाजण्याचा क्रम आणि राखीव वाटा

जेवण एक वाजता असेल तर साडेअकराला कोळसा पेटवा. बारा वाजता निखाऱ्यांवर राखाडी थर आला की पनीर आणि भाज्या. त्याच वेळी दुसरी पेटवणी वेगळ्या भांड्यात सुरू करा, म्हणजे १२:२५ ला लेगपीस ठेवताना ताजी आच मिळेल. तिसरी पेटवणी १२:३५ ला. लेगपीस १:०५ ला उतरले की सॉसेज, मग सीखा. पाहुणे येतात तेव्हा पनीर-भाज्या तयार असतात आणि सगळ्या मांसाची गर्दी एकदम होत नाही.

सीखा आणि सॉसेज यांचा शेवटचा पाव हिस्सा, म्हणजे इथे चार-पाच सीखा आणि तीन-चार सॉसेज, कच्चाच थंड पेटीत राहू द्या. पहिली ताटं परत आल्यावर मागणी बघा आणि मगच भाजा. भाजलेलं उरलं तर ते कोरडं होत जातं. कच्चं, सतत थंड राहिलेलं उरलं तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकात वापरता येतं.

तपासणी: शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका. थर्मामीटर मधोमध, हाडाला न टेकता खुपसा. चिकन ७४ अंश, खिम्याची पॅटी ७१, मासा ६३, मटण-बीफ-पोर्कचे अख्खे तुकडे ६३ आणि वर तीन मिनिटं विसावा. थंड पेटीत ४ अंशांच्या आत राहिलं पाहिजे. पेटीतही एक थर्मामीटर टाका.

सावधान: कच्चं मांस ज्या ट्रेमध्ये आणलं त्याच ट्रेमध्ये भाजलेलं परत ठेवणं ही अंगणातली सगळ्यात घातक सवय आहे. ट्रे दोन ठेवा, वेगळ्या रंगांचे.

टेबलावरचं मांस, मासे, पनीर, दुधाचं किंवा मेयोनीजचं सॅलड दोन तासांत आत गेलं पाहिजे. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. म्हणून सॅलड एकदम सहा किलो मांडू नका. दीड-दोन किलो बाहेर, बाकी फ्रिजमध्ये, आणि भांडं रिकामं झालं की नवं भांडं आणा. जुन्यावरच भर घालू नका. उरलेलं उथळ डब्यांत पसरून फ्रिजमध्ये ठेवलं तर तीन-चार दिवस चालतं. खाताना ७४ अंशांपर्यंत गरम करा. वेळ उलटून गेलेलं टाकून द्या, वासावर विसंबू नका.

डबे फ्रिजमध्ये जाण्याआधी प्रत्येक पदार्थ किती उरला याचं वजन करून त्याच यादीवर लिहा. तुमच्या पाहुण्यांसाठी १८० ग्रॅमचे १६० करायचे की २००, हे पुढच्या पार्टीला त्यावरून कळेल.